माशीची शेपटी आणि रानकोंबड्याचं पीस

मासा आणि माशी हे शब्द मराठीत सख्ख्या भावा-बहिणीसारखे वाटतात. प्रत्यक्षात त्यांचं काही नातं नाही. मासा आला ‘मत्स्य’वरून आणि माशी आली ‘मक्षिका’वरून. पण जगातल्या थंड प्रदेशांत, स्वच्छ आणि खळाळत्या नद्यांच्या काठी, माणसानं या दोघांची गाठ घालून दिली. गळावर दोरा, लोकर आणि पिसं गुंडाळून तो एक खोटी माशी बांधतो, ती अलगद पाण्यावर सोडतो आणि खरी माशी समजून मासा तिच्यावर झडप घालतो. इंग्रज तिला ‘फ्लाय’ म्हणतात. आपण पिसांची माशी म्हणू.

या माशीच्या शेपटीला कोणतं पीस लावावं, हा आजच्या बोलण्याचा विषय. विषय चिमूटभर वाटेल. पण या चिमूटभर पिसामागे दीड-दोन हजार वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचं एक टोक आपल्या सातपुड्यात येऊन पोहोचतं.

आपल्याकडे तापीच्या काठी भोई जाळं टाकतो. पोरं बांबूच्या काठीला दोरा बांधतात, गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतात. पिसाचं इथं काही काम नाही. पाणी गढूळ असलं की मासा बराचसा वासावर खाणं शोधतो. स्कॉटलंडच्या किंवा काश्मीरच्या निवळशंख पाण्यातला ट्राउट मात्र डोळ्यांनी शोधतो. वर तरंगणारा किडा तो खालून न्याहाळतो, पटला तर उचलतो, नाहीतर वळून जातो. अशा चोखंदळ गिऱ्हाइकाला फसवायचं तर नक्कल हुबेहूब हवी. पिसाची गरज इथून सुरू झाली.

या कलेचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख ईलियन या लेखकाचा. तो रोमचा, पण लिहायचा ग्रीकमधून. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला. मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याच्या लोळीखाली उगवणारी, मेणाच्या रंगाची दोन पिसं बसवतात, असं त्यानं नोंदवून ठेवलं आहे. त्यानंतर १४९६ साली इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवर एक छोटा ग्रंथ छापला गेला. त्यात बारा माश्यांच्या कृती दिल्या आहेत, अगदी पाककृतीसारख्या. अमुक महिन्यात अमुक रंगाची लोकर, तमुक पक्ष्याचं पंख. त्यातल्या एका माशीच्या अंगाभोवती मोरपिसाचा तंतू गुंडाळायला सांगितला आहे. वास्को द गामा कालिकतला उतरण्याआधी दोन वर्षं इंग्लंडातल्या माशीच्या अंगावर मोर होता.

आता हे दोन पक्षी पाहा. मोर तर भारत आणि श्रीलंकेचाच. कोंबडाही मूळचा आशियातल्या जंगलांतला, माणसाच्या मागे मागे पश्चिमेला गेलेला. म्हणजे ही कला युरोपातली खरी, पण तिचं सामान पहिल्यापासून पूर्वेचं.

आता शेपटीकडे येऊ. नदीवर दिसणाऱ्या एका नाजूक माशीला इंग्रजीत ‘मे-फ्लाय’ म्हणतात. पंख फुटल्यावर ती जेमतेम एखाद-दोन दिवस जगते आणि तेवढ्या आयुष्यात काही खात नाही. तिच्या मागच्या टोकाला केसासारखे दोन किंवा तीन लांब धागे असतात. नक्कल करायची तर तेही हवेत. पण खोट्या माशीची शेपटी केवळ दिखाव्याची नसते. गळ लोखंडाचा आणि त्याचं वजन मागच्या वळणाकडे जास्त. शेपटी नसेल तर माशीचं बूड पाण्यात जातं. शेपटीचे तंतू पाण्याच्या ताणलेल्या पृष्ठभागावर टेकतात आणि गळाला आडवा धरून ठेवतात. होडीला वल्ह्याचा आधार मिळावा, तसं.

म्हणून तरंगत्या माशीच्या शेपटीचं पीस निवडताना रंग नंतर पाहतात, आधी ताठपणा पाहतात. ते पीस नराचं हवं. कोंबडीचं मऊ असतं, पाणी पितं, ते बुडत्या माशीला लावतात. नरही पुरा वाढलेला हवा. वर्ष उलटलेल्या गावठी कोंबड्याच्या मानेच्या कडेला आणि पाठीवर जी चकचकीत, लांब तंतूंची पिसं येतात, ती उत्तम. जाणकार पिसाचे तंतू देठाशी काटकोनात ओढून उभे करतो, म्हणजे टोकं एका रेषेत येतात. मग बोटाच्या टोकानं ते हलकेच वाकवून सोडतो. झटकन सरळ झाले तर घ्यायचे, रेंगाळले तर टाकायचे. लांबी साधारण गळाच्या दांडीइतकी. आठ-दहा तंतूंची चिमट, दोऱ्याचे तीन-चार वेढे, की झाली शेपटी.

बाजारात कातडी सोलणाऱ्याच्या दुकानामागे पोत्यानं पिसं पडलेली असतात. त्यातली ब्रॉयलरची या कामाला निरुपयोगी. दीड महिन्याच्या पक्ष्याला मानेची अशी पिसं फुटायला वेळच मिळत नाही. पण गावठी कोंबड्याची मान आपण उकिरड्यावर टाकतो, तिला एके काळी परदेशात रीतसर मागणी होती. ‘इंडियन नेक’ या नावानं भारतातल्या कोंबड्यांच्या मानेची कातडी स्वस्तात विकली जायची. पुढे अमेरिकेत केवळ पिसांसाठी कोंबड्यांचे खास वाण तयार झाले आणि आपला कोंबडा मागे पडला. त्या वाणांची गंमत २०११ साली झाली. तिथल्या मुलींमध्ये केसांत लांब पिसं गुंफायची टूम निघाली आणि मासेमारीच्या दुकानांतली पिसं केशभूषेच्या दुकानांनी उचलून नेली. भाव कडाडले, गळवाले रिकाम्या हातानं बसले. पूर्वी पक्षी टोप्यांसाठी मरत, या वेळी निदान पाळीव कोंबडा होता.

इथपर्यंतची निवड कामाची होती. ताठ पीस हवं, कारण ते तरंगतं. एकोणिसाव्या शतकात मात्र गोष्ट बदलली.

ब्रिटनमधल्या श्रीमंतांचा आवडता मासा होता सॅमन. हा मोठा, रुपेरी, समुद्रात वाढणारा मासा अंडी घालायला नदीत चढतो. एकदा गोड्या पाण्यात शिरला की तो खाणं जवळजवळ सोडून देतो. मग तो गळाला का लागतो? चिडून, सवयीनं की कुतूहलानं, यावर अजून वाद चालतात. पण जो जेवायलाच बसलेला नाही, त्याच्यासाठी कोणत्या किड्याची नक्कल करणार? नक्कल सुटली आणि माशी बांधणाऱ्याच्या हौसेला मोकळं रान मिळालं.

त्या काळातली सर्वांत गाजलेली माशी ‘जॉक स्कॉट’. शतकाच्या मध्याला एका उमरावाच्या मासेमारी सेवकानं ती बांधली, त्याच्याच नावानं ती ओळखली जाते. तिची कृती पाहिली की चक्रावून जायला होतं. शेपटीला चिनी सोनेरी फेझंटच्या डोक्यावरचा तुरा, त्यावर लाल पिसाचा ठिपका. बुडाला शहामृग. अंगावर टूकन. गळ्याशी ठिपक्यांची गिनी कोंबडी. पंखांत टर्की, माळढोकाच्या कुळातला पक्षी, मोर, मॅकॉ पोपट, रंगवलेला हंस. आशिया, आफ्रिका, दोन्ही अमेरिका आणि युरोप एका गळावर. १८९५ साली जॉर्ज केल्सन यांनी ‘द सॅमन फ्लाय’ हा जाडजूड ग्रंथ लिहून अशा शेकडो माश्यांना जणू शास्त्राचा दर्जा दिला.

शेपटीवरच्या त्या लाल पिसाला व्यापारी ‘इंडियन क्रो’ म्हणत. नाव हिंदुस्थानी कावळ्याचं, पक्षी दक्षिण अमेरिकेच्या जंगलातला आणि कावळ्याच्या जातीचाही नव्हे. आपल्या नावानं जगात काय काय विकलं गेलं, त्याचा हा एक नमुना. पण त्याच माशीच्या दोन्ही बाजूंना जे पीस असे, ते खरोखर आपलं होतं. व्यापारात त्याचं नाव ‘जंगल कॉक’. आपला राखी रानकोंबडा.

भारतात रानकोंबडे दोन. उत्तरेला आणि पूर्वेला लाल रानकोंबडा, दख्खन आणि दक्षिणेत राखी. राखी रानकोंबड्याची उत्तरेकडची हद्द अबूच्या डोंगरापासून गुजरातमार्गे सातपुड्यातून पचमढीकडे जाते. म्हणजे आपण खानदेशी माणसं त्याच्या राज्याच्या उत्तर सीमेवर राहतो. पिएर सोन्नेरा या फ्रेंच प्रवाशानं अठराव्या शतकात त्याचं वर्णन केलं आणि १८१३ साली त्याच्याच नावावरून पक्ष्याला शास्त्रीय नाव मिळालं, ‘गॅलस सोन्नेराटी’. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरातल्या माणसांना ठाऊक असलेला पक्षी, त्याला नाव मिळालं ते पाँडिचेरीच्या फ्रेंचाचं.

या नराच्या मानेवरची पिसं विलक्षण असतात. काळसर पीस, मधोमध पांढरट रेघ, आणि टोकाला पिवळसर ठिपका. ठिपक्याच्या जागी तंतू एकमेकांत मिसळून कडक, मेणचट पत्रा तयार होतो, जणू लाखेचा थेंब गोठला आहे. ईलियननं लिहिलेली मेणाच्या रंगाची पिसं इथं आठवतात. हे पीस माशीच्या बाजूला लावलं की डोळ्यासारखं चमकतं. डावं आणि उजवं, एकाच मापाचं, न चिरलेलं. अशी जोडी हवी म्हणजे अनेक माना चाळाव्या लागत. शिवाय ही झळाळी नराला बारमाही नसते. विणीचा हंगाम संपला की पावसाळ्यात ही पिसं झडून मान काळपट होते. म्हणजे पीस हवं तर नर ऐन भरात असतानाच मारायला हवा.

इथं मोर आणि रानकोंबडा यांतला फरक सांगायला हवा. मोराचा जो पिसारा आपण पाहतो, ती त्याची शेपटी नव्हे. ती शेपटीच्या वरची लांबलेली पिसं. खरी शेपटी आखूड, तपकिरी, पिसाऱ्याला मागून टेका देणारी. हा पिसारा तो दरवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस आपणहून टाकतो. दर्ग्यातल्या मुजावराच्या हातातलं मोरछल घ्या, किंवा काठीच्या होळीत सातपुड्यातले आदिवासी घालतात ते मोरपिसांचे उंच टोप घ्या. झडलेलं पीस वेचलं तर जीव घ्यावा लागत नाही. म्हणूनच आपल्या कायद्यानं मोराला पूर्ण संरक्षण देतानाही देशात झडलेल्या मोरपिसांना सूट ठेवली, परदेशी पाठवायला मात्र बंदी केली. उपटलेल्या पिसाच्या बुडाशी रक्ताचा अंश राहतो, झडलेल्याच्या राहत नाही. वन खातं तपासणी करतं ती त्यावरूनच. रानकोंबड्याच्या मानेचं पीस बोटाच्या पेराएवढं. ते जंगलात झडतं आणि पाचोळ्यात हरवतं. ते वेचून कुणी व्यापार करू शकत नाही. त्याचा व्यापार म्हणजे मानेच्या सोललेल्या कातड्यांचाच व्यापार.

त्या काळी पिसांची मोठी भूक गळाची नव्हती, टोपीची होती. युरोपात बायकांच्या टोप्यांवर बगळ्यांचे तुरे, नंदनपक्षी, कधी आख्खे पक्षी मिरवत. त्याविरुद्ध आवाजही आधी बायकांनीच उठवला. १८८९ साली मँचेस्टरला एमिली विल्यमसन यांनी पक्षी वाचवण्यासाठी मंडळ काढलं, तेच पुढे ब्रिटनमधली पक्षिरक्षणाची सर्वांत मोठी संस्था झालं. भारतात लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०२ साली, रानपक्ष्यांची पिसं आणि कातडी परदेशी पाठवण्यावर बंदी आली. ब्रिटननं पिसांच्या आयातीला बंदी करणारा कायदा केला तो १९२१ साली. आपल्याकडचं दार लागलं आणि तिकडची खिडकी बंद व्हायला एकोणीस वर्षं लागली.

गळवाल्यांसाठी तरी फट राहिलीच. अमेरिकेनं १९५०च्या दशकात रानपक्ष्यांच्या पिसांवरचा कायदा कडक केला, पण खोट्या माश्या बांधण्याच्या धंद्यासाठी वर्षाला राखी रानकोंबड्याची ५,००० कातडी आणायची मुभा ठेवली. कायद्याच्या पुस्तकात आपल्या डोंगरातल्या पक्ष्याचं नाव आलं ते असं, आकड्यासहित. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि रानकोंबडा मारणं, त्याची पिसं विकणं हा गुन्हा ठरला. आज परदेशात मिळतात ती पिसं पिंजऱ्यात पैदास केलेल्या पक्ष्यांची. ज्यांना ती परवडत नाहीत, ते साध्या पिसावर रंगाचा ठिपका देतात. मासे त्यालाही लागतात.

जुन्या कृतीतलं अस्सल पीसच हवं, हा हट्ट माणसाला कुठवर नेतो, ते २००९ साली दिसलं. इंग्लंडमधल्या ट्रिंग गावी निसर्गेतिहास संग्रहालयाचा पक्षिसंग्रह आहे. जूनमधल्या एका रात्री वीस वर्षांचा एक अमेरिकन विद्यार्थी, लंडनला बासरी शिकणारा आणि माश्या बांधण्यात पटाईत, खिडकी फोडून आत शिरला. त्यानं २९९ पक्ष्यांची कातडी चोरली. त्यांत ‘इंडियन क्रो’ होते, नंदनपक्षी होते, आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी दीडशे वर्षांपूर्वी मलय बेटांतून जमवलेले नमुनेही होते. गिऱ्हाईक कोण, तर जुन्या कृतींच्या सॅमन माश्या बांधणारे हौशी लोक. त्यातले बरेच ती माशी पाण्यात कधी टाकतही नाहीत. काचेच्या चौकटीत ठेवतात. चोर पकडला गेला, तेव्हा १७४ पक्षी अखंड मिळाले. पायाला बांधलेली चिठ्ठी शाबूत होती ती केवळ १०२ पक्ष्यांची.

चिठ्ठीचं एवढं काय, असं वाटेल. त्याचं उत्तर आपल्या खानदेशात आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४नंतर कुणाला दिसलं नव्हतं. जगभरच्या संग्रहालयांत त्याची सात कातडी तेवढी होती. मध्यंतरी रिचर्ड माइनर्त्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं १९१४ साली गुजरातेत मांडवीला आपण हा पक्षी मारल्याचा दावा केला होता. पक्ष्याचा शोध घेणारे त्या खोट्या पत्त्यामुळे भरकटले. अमेरिकन संशोधक पामेला रासमुसेन यांनी ते कातडं बारकाईनं तपासलं, तेव्हा निघालं की ते चोरीचं आहे. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं १८८०च्या दशकात खानदेशात जमवलेला नमुना संग्रहालयातून उचलून, नव्यानं भरून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधली होती. खोटी चिठ्ठी बाजूला सारून, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांचा माग काढत रासमुसेन आणि त्यांचे सहकारी इकडे आले. नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होतं. पुढे आपल्या यावल अभयारण्यातही त्याची नोंद झाली.

म्हणजे संग्रहालयातलं एक पीस शास्त्राच्या हाती असतं, तेव्हा ते हरवलेल्या पक्ष्याचं घर दाखवतं. हौसेच्या हाती गेलं की शेपटीवरचा लाल ठिपका होतं. पीस तेच. चिठ्ठी कापली की पक्षी दुसऱ्यांदा मरतो.

मला मासे मारणाऱ्यांचा राग नाही. उलट, हे हात बारीक कामाचे आहेत आणि बारीक काम करणाऱ्यांबद्दल कवीला आपुलकी वाटतेच. एक तंतू जास्त झाला तर माशी बिघडते, एक शब्द जास्त झाला तर ओळ. माझं म्हणणं एवढंच की ट्राउटच्या माशीची शेपटी बांधताना त्यांनी जो निकष लावला, तोच पुढेही लावायला हवा होता. पीस काय काम करतं, हे पाहून ते निवडायचं. ते किती दुर्मीळ आहे हे पाहून निवडलं की निवड माशाची राहत नाही, प्रतिष्ठेची होते. खाणं सोडलेल्या सॅमनला चार-पाच खंडांचे पक्षी नको होते. ते शेजारच्या गळवाल्याला दाखवायला हवे होते. हा हिशेब केवळ त्यांनाच लागू आहे, असंही नाही. आपल्या लग्नमांडवांपासून भाषणांपर्यंत तो लावून पाहता येईल.

शेवटी रानकोंबड्याबद्दल एक गोष्ट. घरच्या कोंबडीचा पूर्वज केवळ लाल रानकोंबडा, असं डार्विननं मानलं होतं आणि शास्त्रज्ञही बराच काळ तेच सांगत आले. २००८ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी जनुकं तपासली, तेव्हा वेगळंच निघालं. कोंबडीचे पिवळे पाय आणि पिवळी कातडी देणारं जनुक लाल रानकोंबड्याचं नाही, ते आपल्या राखी रानकोंबड्याकडून आलेलं आहे. कधी काळी भारतात कुठे तरी एखादा रानातला नर गावच्या कोंबड्यांत मिसळला असणार. आज जगभर उकिरडे उकरणाऱ्या पिवळ्या पायांच्या कोट्यवधी कोंबड्यांत त्याचा अंश आहे.

तो स्वतः मात्र जंगलाशिवाय जगत नाही. यावल आणि रावेर तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात १९६९ साली घोषित झालेलं यावल अभयारण्य जेमतेम १७७ चौरस किलोमीटरचं. खाली केळीच्या बागा, वर विरळ होत चाललेलं जंगल. पीस आता कुणी मागत नाही, तरी फासे अजून लागतात आणि झाडं अजून तुटतात. पालच्या बाजूला कधी मुक्कामाला गेलात, तर पहाटे कान देऊन ऐका. गावचा कोंबडा लांबलचक बांग देतो. रानातला तुटक ओरडतो, ‘कुक्‌, काया, काया, कुक्‌’, आणि थांबतो. मग पलीकडच्या टेकडीवरून दुसरा उत्तर देतो का, ते पाहायचं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)